एकशे तेरावं पान

“उलसाक दम घे, पोरी. पाणी पे. अन् मंग सांग का चोर कुठी गेला.”

“तेच तं मावशी! चोर कुठी गेलाच नाही. गोदामात उभा होता. रंगनाथनं त्याची कॉलर धरली, काडी पेटवली, तेराव्या पेटीचं झाकण उचललं… अन् म्या समोरचं पान पाहिलं तं रेडा!”

“रेडा?”

“रेडा! बुंदीच्या टोपल्यात तोंड घालून उभा! गळ्यात नवरदेवाचा हार! पेटी नाही, चोर नाही, गोदाम नाही. काहून वो मावशी? असं कोणी लिहिते का?”

चतुराबाईनं हातातला झाडू भिंतीला टेकवला, पदराला हात पुसले अन् खुशीच्या हातातलं ‘तेराव्या पेटीचं गूढ’ घेतलं. दुसरा कोणी असता तर त्यानं आधी मजकूर वाचला असता. तिनं आधी पुस्तकाची पाठ दाबून पाहिली, दोरा चाचपला, मग एकशे बारावं पान काढलं अन् त्याच्यासमोरचं एकशे तेरावं. आकडे बरोबर होते. मजकूर मात्र खरंच रेड्याचा होता. तो रेडा तिनं लगेच ओळखला. तो ‘रेड्याची वरात’ या दुसऱ्या पुस्तकातला होता.

“अई माय,” ती बसकुरावर टेकली. “हे माह्या हातचं हाये.”

कोळवडी हे गाव अमरावती-नागपूर रस्त्यावर तिवस्याच्या अलीकडं, हमरस्त्यापासून दोन किलोमीटर आत. गावात ड वर्गाचं वाचनालय आहे. ड वर्गाच्या वाचनालयात माणूस एकच असतो. झाडू त्याचा, रजिस्टर त्याचं, अन् पावसाळ्यात पत्रा गळला तर खाली बादली ठेवायची तीही त्यानंच. कोळवडीत तो माणूस म्हणजे चतुराबाई. वय पन्नाशीचं, आवाज बाजारातल्या तराजूवालीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तो दोरा पुस्तक शिवायचाच.

तिचा बाप पुंजाजी अकोल्याला जठारपेठेत बाईंडिंगच्या दुकानात तेहतीस वर्षं कामाला होता. चतुरा आठ वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की दुकानात फर्मे दुमडायला बसायची. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापलेली सोळा पानं. दुमडली, एकावर एक रचली अन् शिवली की पुस्तक होतं. छापखान्यातून एक फर्मा सोमवारी यायचा, दुसरा गुरुवारी, तिसऱ्याला कधी आठवडा लागायचा. चतुरा दुमडता दुमडता वाचायची. गोष्टीतला पोरगा विहिरीत लोंबकळून राहिलेला असायचा अन् फर्मा संपायचा. मग चार दिवस तो पोरगा विहिरीत अन् चतुरा दुकानाच्या पायरीवर. कित्येकदा शेवटचा फर्मा दुसऱ्याच कोणाच्या हातून दुमडून व्हायचा, अन् ते पोरगं आजपर्यंत विहिरीतच आहे.

पुंजाजी ओरडायचा, “वाचू नको! आकडा पाय, अक्षर पाहू नको. बाईंडर वाचाले बसला का पुस्तक शिवून होत नाही.”

बापाचं हे एक वाक्य तिनं जन्मभर पाळलं. काम करताना आकडा, काम झाल्यावर अक्षर. अन् त्याच वाक्यानं या उन्हाळ्यात तिला खड्ड्यात घातलं.

मे महिन्यात वाचनालयाची फाटकी पुस्तकं ती स्वतःच शिवते. चुलीवर मैद्याची खळ शिजवायची, किडा लागू नये म्हणून त्यात चिमटीभर मोरचूद, अन् व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायचं. यंदा ‘पेटी’ अन् ‘रेडा’ ही दोन्ही पुस्तकं तिनं एकाच दिवशी उसवली होती. दोन्ही एकाच छापखान्याची. आकार तोच, कागद तोच, टाइप तोच, दोन्ही एकशे अठ्ठावीस पानांची. आठ-आठ फर्मे, अन् दोन्हीतला शेवटला फर्मा एकशे तेरापासून सुरू होणारा. दुपारी वावटळ आली, कागद उडाले, तिनं गोळा केले, आकडे जुळवले अन् शिवले. आकडा पाहिला. अक्षर नाही पाहिलं.

जूनमध्ये दोन्ही कपाटात गेली. कोरा निळा पुठ्ठा, पाठीवर नाव घालायचं राहून गेलेलं. तशा मुक्या पुस्तकाला कोणतं पोट्टं हात लावतं? पाच महिने तिथंच. मागच्या आठवड्यात चतुराबाईनंच ती काढली अन् त्यांचा वानोळा दिला.

हा वानोळा समजून घेतला पाहिजे. वावरात पहिला माल निघाला की शेजारीपाजारी उलसा उलसा पाठवतात. चार भेंड्या, मूठभर पोपटाच्या शेंगा. त्यानं पोट भरत नाही, चव कळते. चतुराबाईची पुस्तक सुचवायची रीत तीच. पोट्टे शाळेतून येताना खिडकीशी थांबले की ती उभ्याउभ्या एखादं पुस्तक उघडून सात-आठ पानं वाचते. राक्षसाचा आवाज राक्षसासारखा, मामाचा मामासारखा. अन् जिथं दरवाजा करकरतो, तिथं पुस्तक बंद. ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून ती झाडायला लागते. पुढं काय झालं म्हणून विचारलं तर उत्तर एकच, “मले काय माहीत? मी काय त्या घरात राहतो? जा, पाहून ये.”

पण हातात कोणतंही पुस्तक ठेवत नाही. आधी विचारपूस करते.

“मावशी, भुताचं द्या.”

“भूत कसं पायजे? दिसणारं का न दिसणारं?”

“न दिसणारं.”

“अन् रात्री अंगणात एकटा जाशीन का?”

“…दिसणारं द्या मंग.”

जो पोट्टा बाकावर टिकत नाही, सतरा ठिकाणी बोटं घालतो, त्याला रहस्य. डोक्यात किडा सोडून दिला की हातपाय आपोआप गप होतात. जे लेकरू बोलत नाही, खाली पाहते, त्याला हसवणारं. “आदी पोटातली गाठ सुटू द्या, मंग भूत दाखवा,” असं ती पोरांच्या मायांना सांगते. खुशी पहिल्या जातीची. बापाच्या शेवंतीच्या वावरात तोडणीला गेली की निम्मी फुलं तोडायची अन् निम्मा वेळ झाडावर. तिला पेटी दिली. अन् पाचवीतली पिंकी, जी वर्गात हजेरीलाही ‘हजर’ म्हणत नाही, नुसता हात वर करते, तिला रेडा.

म्हणजे दुसरं पुस्तक पिंकीकडं.

“पळ,” चतुराबाई खुशीला म्हणाली, “पिंकीले धरून आण. पुस्तक घेऊन.”

पिंकी आली. तिचं पुस्तक वाचून झालेलं होतं. चतुराबाईनं शेवटचा फर्मा काढला. मांडवात बँडवाला तुतारी फुंकायला गाल फुगवतो, रेडा मान वर करतो, अन् समोरच्या पानावर गोदामाचा अंधार.

“पोरी, तुले कळलं नाही का, गोष्ट बदलली म्हणून?”

पिंकी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली. मग हळूच म्हणाली, “मले वाटलं, रेडाच गोदामात शिरला.”

खुशी हसून हसून कपाटाला धडकली. चतुराबाईला हसू आलं, पण गळ्यापर्यंतच. कारण आज मंगळवार होता, अन् रविवारी वाचनालयाची सभा होती.

सोमवारीच सचिव केशवराव येऊन गेले होते. माणूस वाईट नाही. भाजीपाल्याचा अन् फुलांचा मोठा बागायतदार, गावातल्या प्रत्येक समितीत नाव, अन् प्रत्येक कामात घाई. गावातली आठ-दहा पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, त्यांना बसायला जागा नाही, ही गोष्ट खरी होती. त्यावर केशवरावांनी काढलेला तोडगा म्हणजे पोरांच्या गोष्टींची दोन कपाटं हटवायची.

“अण्णा, कपाटं कुठी हटवता? अन् पुस्तकं?”

“पुस्तकं रद्दीत. कोण वाचते ते?”

“रजिस्टर पाहा. सह्या हायेत.”

“सह्या तं हायेत वो चतुराबाई. पण पोट्टे चित्रं पाहतात अन् वापस करतात. मले सांगू नका, माह्या घरी बी नातू हाये.” मग उठता उठता त्यांनी आपल्याच डोक्यातून एक परीक्षा काढली. “असं करू. रविवारी भर सभेत मी कपाटातले कोणतेबी तीन पुस्तकं काढीन. ज्यायनं ते नेले असतीन त्यातल्या कोणत्याबी पोट्ट्याले शेवट विचारीन. तीनातले दोन शेवट बरोबर आले, तं कपाटं राहिले. नाहीतर सोमवारी खाली.”

आता हे झालं सोमवारी, अन् मंगळवारी हा रेडा. समजा केशवरावांचा हात नेमका पेटीवर पडला तर?

संध्याकाळी तिनं अकोल्याला फोन लावला. पुंजाजी आता ऐंशीच्या पुढं. डोळ्यांत फूल पडलं, पण कान अन् जीभ शाबूत. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाला, “आकडे बरोबर होते का?”

“आकडे बरोबर होते, बाबा.”

“मंग तुही चूक नाही. माही हाये. शिकवणाराची.” मग त्यानं खास बाईंडरी सल्ला दिला. “दोन तासाचं काम हाये. आत्ता उसव, आत्ता शिव. कोणाले मालूम पडाच्या आदी. पुस्तक उलटं बांधलं म्हंजे बाईंडरचं नाक कापलं.”

चतुराबाईनं सुई काढली. टोचा काढला. खळ शिजवली. सगळं ताटात मांडून सकाळी वाचनालय उघडते तर व्हरांड्यात सात पोट्टे बसलेले. मध्ये खुशी अन् पिंकी, दोघींच्या मांडीवर एकएक निळं पुस्तक.

“आणा इकडं ते. शिवाचे हायेत.”

“थांबा न मावशी!” खुशीनं पुस्तक छातीशी धरलं. “आमी पहिल्यापासून सुरू केलं. मी एकशे बारापर्यंत वाचतो, मंग पिंकी तिच्यातलं वाचते. पिंकी वाचून राहिली, मावशी. मोठ्यानं!”

चतुराबाई दारातच उभी राहिली. खुशी वाचत होती, पोट्टे गुडघ्यांत हनुवट्या घालून ऐकत होते. पेटीचं झाकण उचललं, खुशी थांबली, अन् पिंकीनं आपलं पुस्तक उघडलं. आवाज आधी उंदरासारखा. तिसऱ्या ओळीला मांजरासारखा. पान संपेपर्यंत माणसासारखा. शेवटाला एक पोट्टा “आईशप्पत!” म्हणून उभाच राहिला.

“आता रेड्याचं! आता पिंकी पहिले, अन् खुशी मागून!”

दुपारपर्यंत ही बातमी शाळाभर झाली. म्हणे वाचनालयात दोन पुस्तकं आहेत, एकातला चोर दुसऱ्यात पकडला जातो. एक नेलं तर भागत नाही. दुसरं ज्याच्याकडं असेल त्याला शोधावं लागतं, गोडीगुलाबी करावी लागते. ज्याला नुसतं हसायचं होतं त्याला गूढात शिरावं लागलं, अन् ज्याला भेव पाहिजे होतं त्याच्या पदरात रेडा पडला. पोरांनी आपसातच कायदा केला, एका पुस्तकाला एक रात्र. नंबर लागले. ज्यांचा नंबर लांब होता ते तोवर दुसरं काहीतरी घेऊन गेले. रिकामं कोण जाईल?

खळ ताटात वाळून पापडी झाली.

चतुराबाईला आपल्यासमोरचा पेच स्वच्छ दिसत होता. आज शिवलं तर हाताची इज्जत वाचते, रविवारी कोणी बोट ठेवू शकत नाही. पण दोन्ही पुस्तकं ताब्यात घेतली की हा खेळ इथंच मोडतो, नंबर लावलेल्या अकरा पोरांच्या हातून शेवट जातो. शेवट न मिळणं म्हणजे काय, हे जठारपेठेतल्या त्या पायरीवर बसलेल्या पोरीला विचारा.

शुक्रवारी बापाचा फोन आला. “शिवलं का?”

“नाही, बाबा. पोट्टे वाचून राहिले.”

“नाक जाईन, चतुरे.”

“गेलं तं गेलं. चष्मा अटकवाले कान पुरते मले.”

पलीकडं म्हातारा खोकला. खोकला होता का हसणं, ते फोनवर कळलं नाही.

रविवारी अकरा वाजता सभा भरली. समोर सतरंजीवर तीस-पस्तीस सभासद, टेबलामागं केशवराव, शेजारी समितीतल्या माधवी मॅडम, म्हणजे गावच्या शाळेच्या मुख्याध्यापक. मागच्या भिंतीला शुभम अन् त्याचे अभ्यासवाले सोबती. पोट्टे बावीस. चतुराबाई कपाटाशेजारी उभी, किल्लीचा जुडगा कमरेला.

केशवरावांनी पहिलं पुस्तक काढलं. एका पडक्या किल्ल्यावरच्या भुताचं. सहावीतल्या एका पोट्ट्याकडं बोट केलं. “तू नेलं होतं न? सांग शेवट.”

पोट्टा उभा राहिला. “नाही सांगत.”

“काहून? वाचलं नाही?”

“वाचलं. पण शेवट सांगाचा नसते. बाकीच्यायचं वाचाचं हाये न अजून.”

सभेत खसखस पिकली. केशवरावांनी चतुराबाईकडं पाहिलं. “हे तुमचंच शिकवणं दिसते.”

“हौ अण्णा. नियम हाये.”

“मंग मी परीक्षा घेऊ कशी? भुताले विचारू?”

माधवी मॅडम हसल्या. “माझ्या कानात सांगू दे. मी पुस्तकात पाहते.”

पोट्ट्यानं कानात सांगितलं. मॅडमनी शेवटची पानं चाळली अन् मान डोलावली. “बरोबर.”

दुसरं पुस्तक जंगलातल्या हरवलेल्या शाळेच्या सहलीचं. दुसरा पोट्टा मॅडमच्या कानाशी लागला तो लवकर सुटेच ना. हातवारे, फुत्कार, एकदा टेबलावर थाप. शेवटी मॅडम म्हणाल्या, “यानं फार छान सांगितलं. पण वाघ या पुस्तकात मुळी नाहीच.”

“तं टाकाले पायजे होता,” पोट्टा पुटपुटला.

एक बरोबर, एक चूक. केशवरावांनी तिसऱ्यांदा कपाटात हात घातला. बोटं पाठींवरून फिरत गेली अन् सभेसाठी सकाळीच परत आलेल्या, बिननावाच्या निळ्या पुठ्ठ्यावर थांबली.

“हे!” केशवराव आतलं पान पाहून खूश झाले. “‘तेराव्या पेटीचं गूढ’. हे तं मीच निवडलं होतं, बारा वर्षाआदी. असं तसं नाही, स्वतः वाचून निवडलं. आता मले कोणी फसवू शकत नाही.” खुशीचा हात तर केव्हाचा वर होता, खांदा निखळतो का काय असा. त्यांनी तो मुद्दाम टाळला. जिनं मान वर केली नव्हती, तिच्याकडं बोट गेलं. “तू, पोरी. निळ्या फ्रॉकची. वाचलं का?”

पिंकीनं नुसता हात वर केला. हजर.

ती उठली, टेबलापर्यंत गेली, मॅडमच्या कानाला तोंड लावलं. चाललं बराच वेळ. मॅडमच्या भुवया दोनदा वर गेल्या. मग त्यांनी पुस्तक घेऊन शेवटचं पान काढलं, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्या आधीचं.

“केशवराव… यात तर लग्न आहे. बुंदी आहे. अन् रेडा.”

“अन् पोरगी काय सांगते?”

“ती काही वेगळंच सांगते.”

“झालं तं मंग,” केशवरावांनी टेबलावर हात टेकले. “दोन चुकले. चतुराबाई, किल्ल्या—”

पिंकीनं चतुराबाईकडं पाहिलं. अन् चतुराबाई भर सभेत पुढं आली.

“पोरीची चूक नाही, अण्णा. चूक माही हाये. म्या मे महिन्यात दोन पुस्तकं उसवले अन् याचा फर्मा त्यात शिवला, त्याचा यात. या पुस्तकाचा शेवट त्या पुस्तकात हाये.”

सतरंजीवर कुजबुज झाली. एकजण मोठ्यानं म्हणाला, “वा! बाईंडरची पोरगी अन् पुस्तकं उलटे बांधते!”

“हौ, बांधले,” चतुराबाई त्याच्याकडं वळली. आवाज आता पूर्ण बाजारातला. “बाईंडरचीच पोरगी हावो, म्हणून उभं राहून सांगून राहिलो. पाच महिने ते पुस्तकं या कपाटात होते. समितीनं मोजले, शिक्के मारले, सह्या केल्या. चूक सापडली का कोणाले? मले बी नाही सापडली. सापडली कोणाले? या पोट्ट्यायले! अन् अण्णा म्हणतात का पोट्टे चित्रं पाहतात. अहो, त्या पुस्तकात चित्रच नाही! एकशे बारा पानं वाचल्याशिवाय एकशे तेराव्यावरचा रेडा कोणाले खटकते?”

“दुसरं पुस्तक कुठं आहे?” माधवी मॅडमनी विचारलं.

खुशी धावत कपाटापाशी गेली अन् दुसरं निळं पुस्तक काढून आणलं. मॅडमनी ‘रेड्याची वरात’ उघडली, एकशे तेरावं पान काढलं अन् वाचायला लागल्या. एक पान, दोन पानं, पाच. सभा वाट पाहत होती अन् मॅडमना सभेचा विसर पडला होता. शेवटचं पान मिटून त्यांनी पिंकीच्या डोक्यावर हात ठेवला.

“अगदी बरोबर. हिनं तर पेटीच्या कडीला काय बांधलं होतं तेही सांगितलं.”

बावीस पोट्ट्यांनी जो कल्ला केला त्यानं पत्र्यावरची कबुतरं उडाली. शुभम अन् त्याचे सोबतीही टाळ्या पिटत होते. त्या गदारोळात केशवराव मॅडमकडं वाकले.

“पण… पेटीत होतं काय?”

“सांगाचं नाई!” पोट्टे एका सुरात ओरडले.

अन् मग आवाज थोडा खाली बसल्यावर, टेबलाशी उभी असलेली पिंकी, जी वर्गात हजेरी देत नाही, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “अण्णा, तुमी तं वाचलं होतं न?”

आधी मागची भिंत हसली, मग सतरंजी, मग माधवी मॅडमनी तोंडाला पदर लावला. केशवराव लाल झाले, मानेवरून हात फिरवला, अन् शेवटी स्वतःही फसकन् हसले. “बारा वर्षं झाले बापा! माणूस विसरते.”

“मंग कपाटं?” चतुराबाईनं विचारलं. हसण्यात मुद्दा वाहून जाऊ द्यायची नाही ती.

“राहिले, राहिले. पण हे अभ्यासवाले पोरं?”

“अण्णा,” शुभम मागून बोलला, “मागच्या खोलीत गणपती मंडळाचे पाइप अन् तो मोडका भोंगा हाये. सहा वर्षांत वाजला नाही. तो हटवला तं आठ टेबलं बसतात.”

भोंगा केशवरावांनीच आणून ठेवलेला होता. तो हटवायचा ठराव त्यांनाच मांडावा लागला. अनुमोदन बावीस पोट्ट्यांनी दिलं. मताचा हक्क नव्हता, पण गळा होता.

सभा उठल्यावर केशवराव मागं रेंगाळले. निळं पुस्तक हातातच होतं. त्यांनी देवघेवीचं रजिस्टर ओढलं अन् सही केली. वाचनालयाचे सचिव म्हणून त्यांच्या सह्या शेकडो होत्या. वाचक म्हणून ही पहिली.

संध्याकाळी चतुराबाईनं अकोल्याला कळवलं. पुंजाजीनं एकच विचारलं, “भर सभेत सांगितलं? का चूक तुही हाये म्हणून?”

“सांगितलं.”

“मंग नाक हाये जागेवर,” म्हातारा म्हणाला. “अन् ऐक. पुढल्या वेळी शिवताना आकडा तं पायच, पण दोन ओळी अक्षर बी पाहजो.”

सोमवारी सकाळी दहाला ती खिडक्या उघडून झाडत होती, तेवढ्यात फोन वाजला. केशवराव. आवाज रात्रभर न झोपलेल्या माणसाचा.

“चतुराबाई, काडी पेटवली. झाकण उचललं. अन् पुढं तो रेडा आला. त्याचं पुस्तक कोणाकडं हाये?”

“शुभमकडं.”

“शुभमकडं? तो अभ्यास करते का रेडे पाहते? धाडून द्या इकडं.”

“असं कसं अण्णा? नंबर लावा. तुमच्या पुढं चार जण हायेत.”

“अहो, मी सचिव हावो!”

“म्हणूनच तं म्हणून राहिलो, नियमानं चाला.”

“बरं, नुसतं एवढं सांगा, पेटीत माणूस हाये का नाही?”

“मले काय माहीत, अण्णा? मी काय त्या घरात राहतो?” असं म्हणून तिनं फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, रजिस्टरमध्ये केशवरावांचं नाव पाचव्या नंबरावर लिहिलं, अन् झाडू उचलून राहिलेला अर्धा व्हरांडा झाडायला घेतला.